पाखऱ्याची चंदी

देवास, ता. ४ ऑक्टोबर १९५२

सौ. अक्कास धाकटीचा नमस्कार.

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. आपण बोलत नाही त्याला दोन वर्षं झाली, आणि का बोलत नाही ते तुलाही ठाऊक आहे नि मलाही. ते उकरायला मी लिहीत नाही. मालनच्या लग्नाबद्दल तर या पत्रात एक शब्द निघणार नाही, बघ.

आम्ही मजेत आहोत. खानावळ बरी चालली आहे. मोटार स्टँडच्या समोरची जागा असल्यामुळे इंदूर, उज्जैन, धार, सगळीकडची माणसं उतरतात आणि आधी वास घेत माझ्या दारात येतात. सकाळी पोहे, दुपारी पोळी, भाजी, आमटी, रविवारी दालबाफले. समोरच्या कचोरीवाल्याने माझं बघून आमटी सुरू केली, पण मेल्याला वाटतं की डाळ पातळ केली की झाली आमटी. त्यात ना आमसूल, ना गूळ. भेरूलाल म्हणून इंदूरच्या मोटारीचा ड्रायव्हर आहे, तो माझी आमटी वाटीने पितो आणि म्हणतो, "बई, थारी आमटी तो पीवा की चीज हे." शाळेतले मोरोपंत मास्तर दोन्ही वेळ माझ्याकडेच असतात. एकटा माणूस, बोलायला फार लागतं, म्हणून जेवण एक तास चालतं.

गावात थोरली पाती नि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती, एका रस्त्याच्या दोन बाजूंना. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा रस्ता ओलांडून "बाई गं, मी परराज्यात आले" म्हणून हसली होतीस. आता दोन्ही राज्यं मध्यभारतात गेली, रस्ता नुसता रस्ता राहिला. थोरली-धाकटीचं तिथलं मिटलं. आपलं कोण मिटवणार कोण जाणे.

आता कामाचं. आबांची ती घोड्याची कादंबरी आठवते? दोन भागांतली, जाड्या पुठ्ठ्याची. आबा कचेरीत गेले की माडीवर सेव खात वाचायचो, म्हणजे तू वाचायचीस आणि मी ऐकायची, आणि तू पान उलटेपर्यंत मी तुझ्या वाटणीची सेव संपवायची. शिलेदार रंगराव आणि त्याचा घोडा पाखऱ्या. पुरात पाखऱ्या नर्मदा ओलांडतो ते प्रकरण तर आपण तीनतीनदा वाचलं होतं. पहिला भाग संपला आणि तुझं लग्न झालं. दुसरा भाग तू ट्रंकेत घालून सासरी नेलास. "पुढे काय झालं गं?" विचारलं की म्हणायचीस, "तुझं लग्न झालं की सांगते." माझं लग्नही झालं, पण तू काही सांगितलं नाहीस.

तो पहिला भाग माझ्याकडे आहे. पानांवर सेवेचे तेलकट डाग अजून तसेच आहेत. या गणपतीपासून मी तो दुपारी खानावळीत मोठ्याने वाचायला घेतला. सहज, पंगत उठल्यावर. आधी मास्तर थांबायला लागले, मग भेरूलाल, मग स्टँडवरचे हमालही. मोटार सुटायची वेळ झाली तरी भेरूलाल हलेना. बाहेर प्रवासी भोंगा वाजवायचे आणि हा आत विचारायचा, "बई, घोड़ा ने नदी पार करी के नी?" नदीच्या प्रकरणाला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, तू असायला हवी होतीस.

पण पहिला भाग संपला. रंगराव जखमी होऊन रानातल्या ओढ्यात बेशुद्ध पडलाय, लगाम त्याच्या मुठीत गच्च. एक हिसडा दिला तर पाखऱ्या सुटेल, चार पावलांवर गवत आहे, पण तो धन्यावर सावली धरून तसाच उपाशी उभा आहे. एवढ्यावर पुस्तक संपतं. लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

तेव्हा दुसरा भाग पाठवशील का? वाचून परत करीन. गिऱ्हाइकं रोज विचारतात, बाकी काही कारण नाही.

हे बरे आहेत. जरा वाळलेत, पण वय झालं की माणूस वाळायचाच.

तुझी बकुळा

देवास, ता. ९ ऑक्टोबर १९५२

सौ. अक्कास नमस्कार.

पत्र पोचलं असणार. धार काही विलायतेत नाही. तू उत्तर दिलं नाहीस ते तुझ्या स्वभावाला धरूनच झालं, पण मीही मागच्या पत्रात खोटं लिहिलं, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

गिऱ्हाइकांसाठी नको आहे गं ते पुस्तक. यांच्यासाठी हवं आहे. हे जेवत नाहीत.

तुला वाटेल, पुस्तकाचा नि जेवणाचा काय संबंध. सांगते. हे थोरल्या पातीच्या पागेत जमादार होते ते तू जाणतेस. यांचे वडील पागेतलेच, आजेही पागेतलेच. त्या लोकांची एक रीत आहे: आधी घोड्याची चंदी, मग आपली भाकरी. जनावराच्या तोंडाला तोबरा लागून त्याने दाणा खाल्ल्याशिवाय स्वतःच्या तोंडात घास घालायचा नाही. सात वर्षांचे असताना वडिलांनी दसऱ्याला घोड्याच्या मानेवर हात ठेवून वदवून घेतलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. पानावरचं गार होऊन जायचं आणि हे पागेत मैनाचं खाणं बघत उभे. मैना म्हणजे यांनी शिंगरापासून वाढवलेली घोडी. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा मी तिला सवत म्हणायची, चेष्टेने.

राज्य विलीन झालं, पागा मोडली, घोडी विकली गेली. मैना इथल्याच घीसाजी टांगेवाल्याकडे गेली. देव त्याचं भलं करो, त्याने यांना कधी अडवलं नाही. रोज सकाळी हे टांगास्टँडवर जायचे, तिला स्वतःच्या हाताने तोबरा चढवायचे, ती खायची, मग हे घरी येऊन जेवायचे. चार वर्षं तसं चाललं. आषाढात घीसाजी गेला. पोरांनी टांगा नि घोडी बाजारात काढली, कोणा परगावच्या माणसाला. नाव कोणाला ठाऊक नाही. हे पिपळरावां गावच्या बाजारापर्यंत पायी जाऊन आले, उज्जैनला जाऊन आले. मैना सापडली नाही.

तेव्हापासून यांच्या घशाखाली घास उतरेना. हट्ट नव्हे गं. पानावर बसायचे, घास हातात घ्यायचे आणि थांबायचे. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "तिनं खाल्लं का नाही, कसं कळावं?"

मी मग ते पुस्तक काढलं, नुसतं मन रमावं म्हणून. तिसऱ्या दिवशी वाचताना पाखऱ्याला चंदी दिल्याचं आलं. ओंजळभर हरभरा, वर गुळाचा खडा, असं काहीतरी. वाचून मान वर केली तर हे ताट ओढून जेवायला बसले होते! अक्का, मी तशीच पुस्तक उघडं धरून रडले. मग मला युक्ती सापडली. रोज असा भाग काढायचा की ज्यात पाखऱ्या खातो. कादंबरी घोड्याची, त्यामुळे रोज कुठे ना कुठे खातोच. मध्ये लढाई आली की मी दोन पानं गाळायची आणि छावणीवर यायची. महिनाभर हे पोटभर जेवले. अंगावर मूठभर मांस चढलं.

आता पाखऱ्या उपाशी उभा आहे आणि पुस्तक संपलं आहे. म्हणून हेही उपाशी आहेत. चहा घेतात, कधी ताक. वैद्य म्हणाले, शरीरात रोग नाही. मी मागची प्रकरणं पुन्हा वाचून पाहिली, तर म्हणाले, "हे झालेलं आहे." मास्तरांनी समजावलं, "जमादार, कादंबरी आहे, सगळं खोटं असतं." हे म्हणाले, "खोटं असेल तर पुढचं सांगा ना, मास्तर."

पुस्तक पाठव. टपालावर विसंबू नकोस, धारच्या मोटारवाल्याच्या हातात दे आणि देवासला भेरूलालला द्यायला सांग. तुला मोटार स्टँडवर जायला कमीपणा वाटत असेल तर गड्याला पाठव.

बकुळा

(कार्ड) देवास, ता. १२ ऑक्टोबर १९५२

अक्का, आज चहासुद्धा घेतला नाही. रोज धारची मोटार आली की मी हातातलं टाकून दारात जाते. वाचनालयात दुसरा भाग नाही, मास्तर इंदुरातही विचारून आले. तू वाचला आहेस. पुस्तक द्यायचं नसेल तर निदान एका ओळीने कळव, पाखऱ्या पुढे खातो ना? केव्हा खातो? बकुळा.

देवास, ता. १४ ऑक्टोबर १९५२

अक्का,

आता नमस्कार-बिमस्कार नाही.

लग्नाबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं, पण तू दगड झालीस तर मी कशाला तोंड शिवून बसू? व्याही ग्वाल्हेरचे सरदार, त्यांच्यासमोर मोटार स्टँडवर खानावळ चालवणारी मावशी कशी उभी करायची! म्हणून मला अक्षत नाही. मालनला मी न्हाऊमाखू घातलं होतं, तिची पहिली चोळी मी शिवली होती. आणि तुला एक ठाऊक नाही, ते आज सांगते. लग्न करून ग्वाल्हेरला परतणारे वऱ्हाडी माझ्याच खानावळीत जेवले. पंधरा-वीस पानं होती. मी वाढत होते आणि ते आपसांत बोलत होते, नवरी कशी दिसत होती, रुखवत किती होतं, गणपतराव दाजींनी मानपान कसा चोख केला. त्यांतल्या एकीने मला विचारलंसुद्धा, "बाई, तुम्ही मूळच्या धारच्या का? बोलणं तिकडचं वाटतं." मी म्हटलं, "नाही हो, इथलीच." आणि तिला आणखी आमटी वाढली.

ते मी गिळलं, कारण खानावळीनेच आम्हाला तारलं. पागा मोडल्यावर हे नुसते बसून असायचे, कोणी तरी चूल पेटवायला हवी होती. मी पेटवली. त्याची मला लाज नव्हती, आजही नाही.

पण माझी खरी लाज आता तुझ्या दारात आणून ठेवते. हे निघून चालले आहेत, अक्का. माझ्या डोळ्यांसमोर, पोळ्यांची चवड रचलेल्या घरात. स्टँडवरच्या परक्या माणसांना मी आग्रह करकरून वाढते आणि माझा माणूस भिंतीकडे तोंड करून निजला आहे. काल मी खोटं बोलून पाहिलं. म्हटलं, मैना सापडली, चांगल्या घरी आहे, दाणा खाते. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी पाहिली?" माझ्याने नाव सांगवलं नाही. तेव्हापासून बोलणंही बंद. मी कादंबरीचंही मनाने काही रचून सांगू का म्हटलं तर यांना आधी पुस्तक हातात दिसायला लागतं. रिकामे हात बघून कान देत नाहीत.

माझाही तोल जातो. सकाळी पोहे ढवळताना चुलीवर पडत होते, भेरूलालने धरलं. मास्तर रागावले, "बाई, तुम्ही जेवता की नाही?" मी म्हटलं, "इश्श, खानावळवाली कधी उपाशी राहते का?"

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. दिवाळी तोंडावर आली, सगळीकडे तळणीचे वास आहेत. अक्का, आबांच्या माडीवर तू मला मांडीवर घेऊन वाचायचीस. ती तू कुठेतरी असशीलच ना? तिला सांग, पुस्तक पाठव. मग आयुष्यभर माझं तोंड पाहू नकोस, मी चकार शब्द काढणार नाही.

बकुळा

देवास, ता. २० ऑक्टोबर १९५२

सौ. अक्कास बकुळाचा कोटी कोटी नमस्कार.

परवा, ऐन दिवाळीत, पुस्तक मिळालं. पण तू म्हणशील की ही नुसती पोच देते आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

दुपारी पंगत उठली होती. भेरूलाल धावत आला, हातात जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेलं पुडकं. म्हणाला, "बई, धार से आयो!" धारच्या ड्रायव्हरने त्याला सगळं सांगितलं होतं. एक मोठ्या घरची बाई, रेशमी काठाचं लुगडं नेसलेली, स्वतः मोटार स्टँडवर आली. गडी नाही, कोणी नाही. मोटार यायला वेळ होता तर चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर पुडकं मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हरला विचारलं, "देवासला बकुळाबाईंकडे जेवता का तुम्ही?" तो म्हणाला, रोज. तर तिने विचारलं, "आमटीत अजून गूळ जास्त घालते का?"

एवढं ऐकलं आणि मला रडू फुटणार होतं. पण रडायला वेळ नव्हता. मी फडकं सोडलं, पुठ्ठा ओळखला, चिठ्ठी आहे का म्हणून झटकलं, चिठ्ठी नव्हती. तशीच यांच्या खाटेपाशी गेले. म्हटलं, "अहो, दुसरा भाग आला." यांनी कूस बदलली. कितीतरी दिवसांनी तोंड माझ्याकडे झालं. मास्तर, भेरूलाल, दोघं हमाल, सगळे भोवती बसले. मी पुढचं न पाहताच वाचायला लागले.

पहिली दोन पानं तुला आठवत असतील. पहाट होते, ओढ्यात पाखरं बोलतात, पाखऱ्याचे पाय लटपटतात, पण तो उभाच. यांचे डोळे माझ्या ओठांवर. मी पान उलटायला गेले तर ते उलटेना. पुन्हा बोट घातलं. पान शिवलेलं होतं, अक्का. एक नव्हे, पुढची सगळी मिळून एक जाड गठ्ठा, आणि कडेने तुझी ती बारीक उलटी टीप, लाल दोऱ्याची.

क्षणभर तुझा असा राग आला, वाटलं, दोन वर्षांचा सूड तू आज उगवलास. पण समोर हे टक लावून बसले होते. मी थांबले तर पाखऱ्या तिथेच उपाशी राहणार आणि यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं. पुस्तक तर हातात होतंच. मी नजर त्या शिवणीवर ठेवली आणि मनानेच वाचत सुटले. म्हटलं, "इतक्यात रानातून एक म्हातारी शेतकरीण आली. तिच्या डोक्यावर हरभऱ्याची टोपली होती. पाखऱ्याला पाहून तिला कळवळा आला. तिने टोपली त्याच्यापुढे पालथी केली आणि म्हणाली, खा रे माझ्या बाळा, पोटभर खा. पाखऱ्याने मान खाली घातली आणि..."

"थांब!"

मला कळेना कोण ओरडलं. हे कोपरावर उठून बसले होते. "अगं मारशील त्याला! चार दिवसांचा उपाशी जीव, त्याला कोरडा हरभरा? पोट फुगून संध्याकाळपर्यंत जाईल तो! काढ ती टोपली त्याच्यापुढून, आधी काढ!"

मी घाबरून म्हटलं, "अहो, पुस्तकात असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने दारात कधी घोडं बांधलं होतं का?" हे इतके संतापले की कानशिलं लाल झाली. आणि लिहिणारी मीच.

मास्तर माझ्या शेजारी होते. त्यांना शिवलेली पानं दिसली होती. आयुष्यभर पोरांना 'पुस्तकात आहे तेवढंच वाचा' म्हणणारा माणूस, त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही एक ओळ गाळलीत. इथे छापलंय की म्हातारीने टोपली लगेच मागे ओढली."

"हां," हे म्हणाले. "मग?"

मी म्हटलं, "मग ती विचारते, आता याला काय देऊ?"

"कोमट पाणी," हे म्हणाले. "गूळ कालवून, चिमूटभर मीठ. तेही एकदम नाही, थोडं थोडं. आज एवढंच. उद्या कोंड्याची पातळ पेज, मूठभर दूर्वा. हरभऱ्याचं नावसुद्धा तिसऱ्या दिवसापर्यंत काढायचं नाही. आणि तिला म्हणावं, आधी त्याच्या तोंडातला लगाम काढ. लोखंड चावून खाणार आहे का तो?"

भेरूलाल म्हणाला, "भिया, या तो डाक्टरी हुई गी!" आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

मी तसंच्या तसं वाचलं. म्हातारीने लगाम काढला, ओढ्याकाठी तीन दगड मांडले, पाणी कोमट केलं, गूळ कालवला. पाखऱ्याने आधी नुसते ओठ बुडवले, मग प्यायला. तोवर हमालाने स्वयंपाकघरातून गूळपाण्याची वाटी आणून माझ्या हातात दिली होती. यांनी विचारलं, "प्यायला?"

"प्यायला."

"सगळं?"

"अर्धं. बाकीचं थांबून पिणार आहे."

यांनी वाटी घेतली आणि अर्धी प्यायले. बाकीचं थांबून प्यायले.

सगळे गेल्यावर मी चुलीपाशी बसून शिवणीच्या वरच्या फटीतून आत डोकावले. टीप उसवली नाही, दोन बोटांनी पानं नुसती फाकवली. जेवढं दिसलं तेवढं पुरलं. पाखऱ्या उभ्या उभ्या मरतो, शुद्धीवर आलेल्या रंगरावाच्या हातात नुसता लगाम राहतो, पुढचं सगळं पुस्तक त्याच्याशिवाय आहे. तेव्हा मला कळलं, लग्न झाल्यावर सांगते म्हणून तू मला इतकी वर्षं का टाळलंस. दुसऱ्या पत्रापासून तुझं उत्तर का आलं नाही तेही कळलं. पुस्तक पाठवावं तर हे जातील, न पाठवावं तरी जातील. दिवाळीचं घर सोडून तू सुई घेऊन बसलीस. एवढा जाड गठ्ठा शिवताना बोटं रक्ताळली असतील तुझी. एका पानाच्या कोपऱ्यावर डाग आहे, तो सेवेचा नाही.

मालनच्या लग्नाचं मला अजून दुखतं. ते दुखतं म्हणूनच सांगते. पण तू बाकड्यावर बसलीस ते मी कधी विसरणार नाही.

काल पाखऱ्याने पेज खाल्ली. यांनीही पेज खाल्ली, कण्यांची, वर तूप नको म्हणाले, "त्याला कुठे दिलंय?" आज तिसरा दिवस. आज दुपारी कोणी उठायचं नावच घेईना, इंदूरची मोटार पाऊण तास उशिरा सुटली. हे स्वतः मला सांगत होते, मी पुस्तकात बघून वाचत होते. हरभरा रात्रभर भिजवलेला, ओंजळभर, त्याहून एक दाणा जास्त नाही. म्हातारीने तोबरा चढवला. पाखऱ्याने खाल्ला. हे ऐकत होते, जणू दाणे दाताखाली फुटताना यांना ऐकू येत होते. मग म्हणाले, "वाढ."

दोन पोळ्या, आमटी, थोडा भात. मी समोर बसून वाढलं. पान स्वच्छ करून उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आता म्हणतात, मैनाही कोणा शहाण्याच्या हाती पडली असेल तर जगेल.

ये, अक्का. मालनलाही आण. खानावळीत नको वाटलं तर मागच्या दाराने ये, तिथे माझं तुळशीवृंदावन आहे. पुढचं सगळं पुस्तक आता मला मनाने वाचायचं आहे आणि तू शेजारी असलीस तर बरं पडेल. घोड्याचं मला काही कळत नाही, पण आपल्या दोघींना मिळून सुचेल.

एक गोष्ट मागच्या पत्रांत लपवली होती. यांच्या लोकांची जशी रीत आहे, तशी आपल्या आईने आपल्यालाही एक लावली होती, नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही. मास्तरांना मी हसून उडवून लावलं, पण हे चहावर होते तेव्हा मीही चहावरच होते. स्टँडवरच्या सगळ्या गावाला वाढत होते आणि रात्री भांडी पालथी घालत होते.

आज पाखऱ्याने खाल्लं. यांनी खाल्लं. आता पत्र आवरते. माझं पान वाढून ठेवलंय.

तुझी बकुळा